हात न लावलेलं शेत

मु. बाभुळवाडे, नरडाण्याजवळ
घटस्थापना

आदरणीय व्याहीबुवा प्रेमराजआबा यांच्या सेवेशी, मुलीच्या बापाने करायचा असतो तो सगळा नमस्कार आणि वर थोडा जास्तीचा.

आपण आणि विहीणबाई चाळीसगावी सुखरूप असालच. आपली साखर, विहीणबाईंचे गुडघे आणि गच्चीवरची ती गळकी टाकी या सगळ्यांची प्रकृती कळवावी. विशेषतः आपल्या घशाची कळवावी. उभी हयात शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला आपला आवाज निवृत्तीनंतर बसला तर नाही ना, ही काळजी आम्हा उभयतांना हल्ली वारंवार वाटते. (दिपमालाच्या लग्नात बँडवाल्यांनी आपल्या मानाच्या वेळी भलतंच गाणं धरलं, तेव्हा आपण एकच हाक मारलीत. बँड जो बंद पडला तो वरात निघाली तरी पुन्हा सुरू झाला नाही. सनईवाला दुसऱ्या दिवशी राहिलेली सतरंजी न्यायला आला तेव्हाही कुजबुजतच बोलत होता.) हळद घालून दूध घेत जावं. पत्रासोबत ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवत आहे. त्या का, हे पुढे येईल, किंवा माझा धीर झाला नाही तर येणार नाही.

आपण म्हणाल, घरोघर फोन असताना हिलालनानांना पत्र कुठून सुचलं. त्याचं असं आहे, की आपल्यासमोर, म्हणजे फोनवरसुद्धा, माझ्या तोंडून ‘हो जी’ आणि ‘बरोबर जी’ याच्या पलीकडे काही निघत नाही. शिवाय जावईबापूंनी घरातले सगळे फोन दिवसभर बाजरीच्या कोठीत ठेवायचा नियम केला आहे. त्याने मनाला विश्रांती मिळते म्हणतात. कोठीतून फोन वाजतो, आम्ही कोपरापर्यंत हात घालून तो हुडकतो, हाती लागेस्तोवर तो बंद पडतो, आणि मनाला खरोखरच विश्रांती मिळते. दिपमालाचा फोन तेवढा वगळलेला आहे, कारण ती गच्चीवर बसून तिची पुण्याची नोकरी करते आणि त्या नोकरीवर दोघांचं चालतं. (ही गोष्ट जावईबापू दर रविवारी पेपरात लिहितात त्या लेखात अजून आलेली नाही. जागेअभावी राहिली असेल.) एक मात्र आधीच स्पष्ट करतो, की हे तक्रारीचं पत्र नाही. मुलीचा बाप तक्रार करत नसतो. तो फक्त माहिती देतो.

तर माहिती अशी. दिपमाला दरवर्षी वैशाखात आखाजीच्या सणाला माहेरी येते, ते आपल्याला ठाऊक आहेच. अंगणातल्या लिंबाला झोका बांधायचा, खापरावर मांडे करायचे, लेकीने झोक्यावर बसून गाणी म्हणायची, आणि सण झाला की तिला नरडाण्याला गाडीत बसवून द्यायची. मग तिची आई, आमची भिकुबाई, घरी येऊन आधी झोका सोडते आणि नंतर रडते. हा क्रम कधी चुकला नाही. यंदा दिपमालासोबत जावईबापू आले आणि त्यांच्या मागून टेम्पो आला. टेम्पोत पुस्तकांची खोकी होती, मातीची भांडी होती, चरखा होता, आणि ऑनलाइन मागवलेलं एक दगडी जातं होतं. (आमच्या घरचं जातं गोठ्याची पायरी म्हणून पडलं आहे. ते त्यांनी पाहिलं, पण ते त्यांना जुनं वाटलं.) कंपनीची नोकरी कायमची सोडली, हे जावईबापूंनी, म्हणजे आपल्या कुंदनरावांनी, आम्हाला जेवताना सांगितलं. जेवण झाल्यावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण भिकुबाईचा खापरावरचा मांडा जळला, आणि तिच्या हातून मांडा जळाल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर सगळा गाव जमलेला असताना कुंदनराव उभे राहिले आणि म्हणाले, की मी इथे जावई म्हणून आलेलो नाही, मातीचं लेकरू म्हणून आलो आहे, आजपासून स्वतःच्या हातांनी पिकवीन, तेच खाईन आणि त्यावरच लिहीन. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रीतीप्रमाणे एकेकाने त्यांना घरी नेलं, पाटावर बसवलं आणि टोपी, उपरणं, नारळ दिला. मृग लागेपर्यंत आमच्या घरी इतक्या टोप्या झाल्या, की वावरातल्या बुजगावण्यालाही रोज वेगळी टोपी घालता येऊ लागली. लांबून पाहणाऱ्याला वाटे, आमच्या बांधावर रोज नवा पाव्हणा उभा आहे.

खरी अडचण इथून सुरू होते. कुंदनरावांना स्वतःच्या हाताने राबायचं होतं, आणि ही त्यांची सासुरवाडी होती. पहिल्याच सकाळी ते कुदळ खांद्यावर टाकून निघाले, तर भिकुबाईने ओसरीवर बसकण मारली आणि कपाळाला हात लावला. “लोके काय म्हनतीन? जवाईले कामले लाई दिधं. आम्हीन काय मरी गऊत का?” असं ती म्हणाली. मला म्हणाली हं, जावयासमोर तेव्हा ती बोलत नसे. मी धावत गेलो आणि कुदळ मागून घेतली. त्यांनी फावडं उचललं, ते पंडितने वाटेत मागून घेतलं. (पंडित म्हणजे आपल्या वावराचा शेजारी, लग्नात आपल्या शेजारी बसून ज्याने आपल्या पंगतीची जिलबी संपवली तो.) विहिरीवर ते बादली ओढायला गेले, तर पाणी भरायला आलेल्या बायांनी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. गावात जावयाने पाण्याचा तांब्यादेखील स्वतः उचलू नये, ही रीत आपल्या चाळीसगावाकडेही आहेच. आपण स्वतः आमच्याकडे आलात तेव्हा साधा पंखाही आम्ही आपल्याला लावू दिला नव्हता. तेव्हा रीत काय ते आपणच जास्त जाणता.

जावईबापू मात्र हुशार. त्यांनी यातून असा निष्कर्ष काढला, की जमिनीलाच माणसाचा हात नको आहे. तशी पुस्तकं त्यांच्या खोक्यांत होतीच. नांगरायचं नाही, खत घालायचं नाही, निंदायचं नाही, निसर्गाला त्याच्या मनासारखं करू द्यायचं, आपण फक्त नम्र राहायचं. नम्र राहायला आमची हरकत नव्हती. पण यासाठी त्यांनी निवडला तो नरडाण्याच्या रस्त्यालगतचा आपला तुकडा. ज्याच्या बांधाशी एसटी थांबते, तोच. पेरणी त्यांनी अशी केली, की मातीच्या गोळ्यांत बाजरी, तूर, मूग असं सगळं बी एकत्र वळलं आणि बांधावर उभं राहून ते गोळे भिरकावले. निम्मे पंडितच्या कपाशीत पडले. एक एसटीच्या टपावर पडून शिरपूरला गेला. पाऊस झाला, गोळे विरघळले, आणि पाखरांनी त्यांचा असा पाहुणचार घेतला की जावयाचासुद्धा आम्ही तेवढा केला नसेल. वावर उघडंबोडकं राहिलं. एसटीतले लोक खिडकीतून मान काढून विचारू लागले, की नाना, यंदा तब्येत बरी नाही का.

आता आपणच सांगा, मी काय करायला हवं होतं. जावयाला सांगायचं, की बापू, तुमची पेरणी वाया गेली? हे सासऱ्याने सांगायचं? कुंदनराव जेवण झालं की माडीवरच्या खोलीत जाऊन दार लावून लिहायला बसतात, ते चहाला उठतात. या मधल्या वेळात त्यांना हाक मारायची नाही, असा दिपमालाचा कडक हुकूम आहे. त्याच मधल्या वेळात मी आणि पंडितने बैल जुंपले आणि तो तुकडा नीट पेरून काढला. बी उगवलं, तेव्हा जावईबापू मला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. म्हणाले, मामा, पाहा. मी पाहिलं. गोळे वाटेल तसे फेकले होते, आणि रोपं मात्र दोरी लावल्यासारखी ओळीने उभी होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या आठवड्याच्या लेखात त्यांनी लिहिलं, की बीज स्वतःची ओळ स्वतः शोधतं, रांग ही माणसाने नव्हे तर निसर्गाने शोधून काढलेली गोष्ट आहे. आपण जन्मभर पोरांना रांगेत उभं केलंत, आबा. ते कष्ट फुकट गेले म्हणायचे.

मग तण माजलं. आधी केना, मग हराळी, मग ज्याचं नाव मलाही ठाऊक नाही असं काहीतरी गुडघ्याएवढं. भिकुबाईने तानुबाई, बेबाबाई आणि त्यांच्या निंदणाऱ्या बायांना जावयाच्या अब्रूची शपथ घातली. जेवणानंतर माडीचं दार लागलं, की बायांची रांग वावरात शिरायची आणि चहाचं भांडं वाजायच्या आत बांधापलीकडे व्हायची. दिपमालाही लॅपटॉप मिटून त्यांच्यात जाऊन बसे. संध्याकाळी जावईबापू वावर पाहायला जात, तेव्हा तिथे गवताची काडी नसे. त्यांनी लिहिलं, की तणाशी वैर धरू नका, त्याचं काम झालं की ते आपण होऊन निघून जातं. (ते पंडितच्या म्हशीच्या पोटात जात होतं, पण आपण होऊन जात होतं असंही म्हणता येईल, कारण म्हैस मागे लागली नव्हती.)

या लेखांवरून पुण्यातल्या कुणी पुस्तक काढलं. त्याचं नाव ‘हात न लावलेलं शेत’. मुखपृष्ठावर आपल्या वावराचा फोटो आहे, फार सुंदर आला आहे. कोपऱ्यात बेबाबाईची पाण्याची कळशी राहून गेली आहे. एका वाचकाने जावईबापूंना कळवलं, की ती रिकामी कळशी पाहून माझ्या अंगावर काटा आला. रिकामी होती हे खरं आहे. उन्हात निंदताना पाणी लागतं.

भुईमुगाची गोष्ट सांगू की नको, असा विचार करत होतो, पण आपल्यापासून काय लपवायचं. श्रावण संपल्यावर जावईबापूंनी व्रत घेतलं, की आता आपल्या हातच्या वाफ्यात येईल तेवढंच खायचं. घरामागच्या त्यांच्या वाफ्यात तेव्हा थोडी मेथी आणि भुईमूग होता, आणि भुईमुगाच्या शेंगा घुशींनी आधीच नेल्या होत्या. जावई मेथीच्या पाण्यावर राहू लागला. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या सैल पडल्या तशी भिकुबाईच्या तोंडचा घास उतरेना. (आपल्या मुलाला आम्ही उपाशी ठेवलं असा आपला समज होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.) ती नरडाण्याच्या बाजारात गेली. तिथे नासीरभाईंची फुटाण्या-शेंगांची भट्टी आहे. त्यांच्याकडून तिने ओल्या शेंगा पिशवीभर घेतल्या आणि जावईबापू लिहायला बसल्यावर त्या वाफ्यात पुरून टाकल्या. पुरताना गडबड झाली. नासीरभाईंनी जुन्या ओळखीने तिला खायला म्हणून भाजलेल्या शेंगांची एक पुडी वेगळी दिली होती, ती त्याच पिशवीत होती.

दुसऱ्या सकाळी जावईबापूंनी वाफा उकरला. झाडाला एक शेंग नाही आणि मातीत सुट्या शेंगांचा खच, याचं त्यांना काही वाटलं नाही. एक शेंग त्यांनी फोडली, तोंडात टाकली आणि खालीच बसले. ती भाजलेली होती. मीठ लावून भाजलेली. ‘भूमीची भट्टी’ हा लेख आपण वाचला असेलच. उन्हाने तापलेली माती आपल्या पोटातच दाणा खरपूस करते आणि त्याला चवीपुरतं मीठही देते, असा त्यात शोध आहे. तो शोध दाखवायला ते एक शेंग घेऊन नासीरभाईंकडेही गेले, कारण शेंगांतलं त्यांना कळतं. नासीरभाईंनी आपल्याच भट्टीची शेंग हातात घेतली, वळून माझ्याकडे पाहिलं, शेंग खाल्ली, आणि “सुभानअल्ला, दामादजी” एवढंच म्हणाले. भला माणूस. गावाच्या जावयाला त्यांनीही जावईच मानलं. राहिलेल्या भाजक्या शेंगा कुंदनरावांनी बियाणं म्हणून मडक्यात जपून ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर पुण्या-नाशिकची मंडळी आपल्या वावरावर ‘काही न करण्याचा अनुभव’ घ्यायला शिबिराला येणार आहेत, त्यांना प्रत्येकी मूठभर द्यायच्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्या उगवल्या नाहीत, तर मंडळींना काही न करण्याचा पुरेपूर अनुभव येईल.

इथपर्यंत सगळं आनंदात चाललं होतं. पण पुस्तक सुरतेला पोचलं आणि पंडितच्या जावयाने ते वाचलं. त्याचा पंडितला फोन आला, की मीही साड्यांचं दुकान आवरून मातीकडे परत यावं म्हणतो. पाठोपाठ भिकनचा नाशिकचा जावई, सुकदेवचा वापीचा. सगळ्यांना मातीकडे परत यायचं आहे, आणि माती त्यांच्या सासऱ्यांची आहे. ओट्यावर गाव जमला. एका जावयाच्या निंदणीत बाया टेकीला आल्या आहेत, गावभर जावई झाले तर आपली वावरं कोणी निंदायची, असा प्रश्न पंडितने टाकला. मग ठरलं, की हिलालनानांनी माडीवर जावं आणि जावयाला काय ते खरं सांगून टाकावं.

मी गेलो. खोटं सांगत नाही, पागोटं घालून गेलो. जावईबापूंनी उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसले. म्हणाले, मामा, तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे. मी म्हणालो, हो. मग लिहिताना ते लावून घेतात ती खिडकी मी उघडली आणि बाहेर पाहिलं. वावर दिसत होतं, अगदी स्वच्छ. त्यांनीही पाहिलं. बराच वेळ आम्ही दोघं तिथे पाहत बसलो. शेवटी मी विचारलं, चहा झाला का. पुढच्या रविवारी ‘सासऱ्यांचं मौन’ या नावाचा लेख आला. फार नावाजला गेला म्हणतात. मातीचं शहाणपण शब्दांत सांगता येत नसतं, ते सासऱ्यांच्या डोळ्यांत दिसतं, असं त्यात आहे. माझ्या डोळ्यांत काय होतं ते मला ठाऊक आहे.

तो लेख दिपमालाने दुपारी वावरात बायांना वाचून दाखवला. असे लेख ती नेहमीच वाचून दाखवते, बाया निंदता निंदता हसतात, आणि तण लवकर निघतं. या लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं, की या शेताला आजवर एकाही मानवी हाताचा स्पर्श झालेला नाही. बाया हसल्या. तानुबाई हसली नाही. तिने खुरपं खाली ठेवलं, हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, “मंग मना हात कसाना शेतस?” मग माझे हात कशाचे, या प्रश्नावर आमची दिपमाला, जी बोलायला कोणाला हार जात नाही, तिने वाचायचं थांबवून खुरपं उचललं. दुसऱ्या दिवशी बाया आल्या नाहीत. मी तानुबाईच्या दाराशी गेलो, तर ती शांतपणे म्हणाली, “नाना, आते तुमना जवाईनी मातीलेच निंदू द्या. तिले बठ्ठं येस म्हने.” मातीला सगळं येत असेल, पण तेव्हापासून त्या तुकड्यावर दुपारी भिकुबाई, दिपमाला आणि मी, अशी तिघंच असतो. भिकुबाईची पाठ आता चहाच्या वेळेपर्यंत सरळ होत नाही. जावईबापूंनी परवा तिला विचारलं, की मामी, तुम्ही वाकून का चालता. ती म्हणाली, सवय.

तर अशी सगळी खुशाली आहे. कशाचीही उणीव नाही. एवढं कळावं. लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये. आहे तेवढा आम्हाला निभावतो आहे.

आपला आज्ञाधारक व्याही,
हिलाल

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. पुण्याचा फ्लॅट विकून शेजारचं पंडितचं वावर घ्यायचं, असं कुंदनरावांनी ठरवलं आहे, म्हणजे हात न लावायला जास्त जागा मिळेल. फ्लॅटला गिऱ्हाईक तयार आहे. फ्लॅट बापलेकाच्या नावावर असल्याने कागदावर आपलीही सही लागते, त्यासाठी ते दसऱ्याच्या आत चाळीसगावी येतील. मी आपल्याला सही करू नका असं कसं म्हणेन. तो मान माझा नाही. पण उद्या हे वावर आपोआप निंदलं जाईनासं झालं, तर माझ्या लेकीला टेकायला पुण्यात भिंतसुद्धा राहणार नाही, हे मला इथे माडीखाली झोपल्यावर डोक्यातून जात नाही. तेव्हा जमीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही, असं आपण म्हणावं, आणि दसऱ्याला इकडे यावं.

आणखी ता. क. आता घशाचं सांगतो. आबा, या गावात कुंदनरावांना रागावू शकेल असा एकही माणूस नाही. मी सासरा, भिकुबाई सासू, बाकी सगळं गाव त्यांची सासुरवाडी. दिपमालाने एकदा प्रयत्न केला, पण त्यांचा चेहरा पाहून तिनेच त्यांना सरबत करून दिलं. त्यांना इथे रागावायचा हक्क फक्त आपला आहे. आपण दुपारी या, सरळ बांधावर उभे राहा, माडीकडे तोंड करा आणि बँडवाल्यांना मारलीत तशी एक हाक मारा. म्हणा, कुंदन, खाली ये, खुरपं घे, आणि तुझ्या सासूच्या शेजारी बस. एवढंच. एकदा बापाने सगळ्यांदेखत कामाला लावलं, की मग आमच्यावर बोल नाही. तानुबाई म्हणाली आहे, की जावई स्वतः वावरात बसणार असेल तर ती त्याला शिकवायला येईल, पण मग तिचं नाव लेखात आलं पाहिजे. सुरतच्या, नाशिकच्या आणि वापीच्या जावयांनाही ती हाक तिथल्या तिथे ऐकू जाईल, असा पंडितला विश्वास आहे. हाक मारून झाली की माझ्यावरही थोडं ओरडा, म्हणजे बरोबर दिसेल. ज्येष्ठमध आजपासून चघळायला लागावं.

शेवटचा ता. क. हे पत्र मी भिकुबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, त्यात एक राहिलं. जावईबापू रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून शेंगा सोलतात आणि तिला विचारतात, मामी, तुम्हाला काय वाटतं. माझ्या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, तिला काय वाटतं हे मी कधी विचारलेलं तिला आठवत नाही. मलाही आठवत नाही. तिने त्यांना कुठल्या पानाचा काढा कशाला लागतो ते सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, आणि खाली तिचं नाव टाकलं. तो लेख छापून आला, पण कोणी नावाजला नाही. तो खरा होता. तेव्हा ती म्हणते, हाक मारायला सांगा, पण लग्नात मारली तेवढी मोठी नको. त्या हाकेनंतर आमची लेक बँडाशिवाय गाडीत बसली आणि गेली, आणि अंगण असं शांत झालं की भिकुबाईला अजून ती शांतता ऐकू येते. या वेळी जावईबापू लाजून, चिडून सामान बांधायला लागतील आणि मागोमाग दिपमालाही बांधेल, एवढं ओरडू नका. माडीपर्यंत पोचेल आणि नरडाण्याच्या स्टेशनापर्यंत जाणार नाही, अशी हाक आपल्याला येत असेल तर या. आखाजीचा झोका यंदा भिकुबाईने अजून सोडलेला नाही.